भात्यावरचें विमान

गोंदियाजवळच्या मुर्री गांवापासून बिरसीची धावपट्टी फार दूर नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत, १९४० सालीं, ब्रिटिशांनीं ती बांधली. आज तेथें वैमानिकांचें शिक्षण चालतें. या शिक्षणाचा एक भाग जमिनीवरच, सिम्युलेटर नामक यंत्रांत होतो. तेंच यंत्र आतां संगणकाच्या रूपानें घरांत आलें आहे. त्याचा उगम मात्र वाद्यांच्या कारखान्यांत झाला.

अमेरिकेंत बिंगहॅम्टन शहरीं एडविन लिंक यांच्या वडिलांचा ऑर्गन-पियानोंचा कारखाना होता. आपल्या पेटीप्रमाणें ऑर्गनाचाहि प्राण म्हणजे भाता. लिंक यांनीं भात्यांवर एक लहान लांकडी विमान बसविलें. सुकाणू हलवितांच भाते फुगत वा मिटत आणि विमान कलत असे. १९२९ सालीं तयार झालेलें हें यंत्र प्रथम मुख्यतः करमणुकीच्या बागांतच खपलें. १९३४ सालीं टपाल नेण्याचें काम अमेरिकन सैन्याकडे आलें. वादळांत, धुक्यांत केवळ उपकरणें पाहून उडण्याचा सराव नसल्यानें अनेक तरुण वैमानिक प्राणांस मुकले. तेव्हां सैन्यानें लिंक यांचीं सहा यंत्रें घेतलीं.

१९८२ सालीं मायक्रोसॉफ्टनें घरगुती संगणकासाठीं 'फ्लाइट सिम्युलेटर' काढला. त्याची मांडणी करितांना सुकाणूचा दांडा व पायांखालचीं पेडलें आधीं जुळवून घ्यावीं. हाताच्या लहानशा हालचालीनें विमान उसळत असेल, तर दांड्याची संवेदनक्षमता उतरवावी. मग ओळखीची धावपट्टी निवडून दाट धुकें मागवावें. उतरणें चुकलें, तर पुन्हा आरंभ करितां येतो. ती मुभा १९३४ च्या तरुणांस नव्हती, हें खेळणाऱ्या मुलास अवश्य सांगावें.