ऑक्साइड थराचे संरोधमापन

धातूवर वाढणाऱ्या ऑक्साइड थराची जाडी, सच्छिद्रता आणि संरक्षकता नमुना न कापता अजमावण्याची विद्युत् रासायनिक पद्धत. ॲल्युमिनियमच्या धनाग्रीकरणाच्या, म्हणजे कारखान्यातल्या ॲनोडायझिंगच्या, अभ्यासात ती विशेष रुळली आहे.

द्रावणात बुडवलेल्या नमुन्यावर साधारण १० मिलिव्होल्टचा प्रत्यावर्ती दाब देतात आणि कंप्रता १०० किलोहर्ट्झपासून १० मिलिहर्ट्झपर्यंत उतरवत नेतात. शेवटच्या टोकाला एकेका आवर्तनालाच १०० सेकंद लागतात, त्यामुळे हे काम घाईचे नव्हे. प्रत्येक कंप्रतेला प्रवाह दाबाच्या किती पुढे आहे आणि किती मोठा आहे, यावरून संरोध, म्हणजे प्रत्यावर्ती प्रवाहाला होणारा एकूण विरोध, मिळतो.

सलग, अच्छिद्र थर धारित्रासारखा वागतो : एक पट्टी धातूची, दुसरी द्रावणाची, मध्ये ऑक्साइड. थर जाड झाला की धारिता घटते. बोरेटच्या उदासीन द्रावणात ॲल्युमिनियमवर दर व्होल्टमागे साधारण १.४ नॅनोमीटर ऑक्साइड चढते. १० व्होल्टला १४ नॅनोमीटर धरले आणि सापेक्ष परावैद्युतांक ९ घेतला, तर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ०.५७ मायक्रोफॅरड धारिता येते. १०० व्होल्टला तिचा दहावा हिस्सा. म्हणून धारितेचा व्यस्तांक आणि व्होल्ट यांचा आलेख जवळजवळ सरळ रेषेत येतो.

सल्फ्युरिक अम्लात चित्र पालटते. तिथे वर कित्येक मायक्रोमीटरचा सच्छिद्र थर आणि तळाशी जेमतेम १५ नॅनोमीटरचा अच्छिद्र पापुद्रा असतो. रंध्रांत द्रावण भरलेले असल्याने प्रवाह थेट तळाशी पोचतो; मापनात पापुद्रा ठळक दिसतो आणि डोळ्यांना दिसणारा जाड थर जवळपास गायब होतो. उकळत्या पाण्यात रंध्रे बुजवली की मात्र तोच थर आपला रोध दाखवू लागतो. टी. पी. होर आणि जी. सी. वुड यांनी १९६२ मध्ये या बुजवणीचा अभ्यास संरोधमापनानेच केला. बुजवणीचा दर्जा प्रवेश्यतेवरून, म्हणजे संरोधाच्या व्यस्तांकावरून, तपासणारे आयएसओ २९३१ हे मानकही आहे.

मोजमापापेक्षा अन्वयार्थ अवघड. संरोधाचा एकच वक्र अनेक समतुल्य मंडलांत, म्हणजे रोध आणि धारित्रे जोडून केलेल्या प्रतिकृतींत, बसतो; त्यात दोन कमानी दिसल्या म्हणून थर दोनच, असे ठरत नाही. खडबडीत पृष्ठभागावर धारिता आदर्श राहत नाही, तिथे मंडलात धारित्राऐवजी स्थिरकला घटक (ज्याची कला कंप्रतेनुसार बदलत नाही असा घटक) घालतात, आणि त्यावरून काढलेली जाडी सावधपणेच वापरावी लागते. थर वाढत असतानाच मोजू गेल्यास मंद कंप्रतेचे वाचन पुरे होईपर्यंत नमुनाच बदललेला असतो. म्हणून वाढ थांबवून, दाब उतरवून मोजतात आणि निदान एका नमुन्याचा छेद इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पडताळतात.