परसातील कुंड आणि पडते पाणी

घराच्या परसात लहानसे तळे बांधून त्यात उंचावरून पाणी पाडण्याची हौस अलीकडे पुष्कळ ठिकाणी दिसू लागली आहे. विजेचा पंप, सिमेंटची टाकी आणि रचलेले चार दगड एवढ्या साहित्यावर हा धबधबा उभा राहतो. ही हौस नवी वाटली, तरी तिच्यामागील परंपरा जुनी आहे. त्या परंपरेत शोभेच्या आधी उपयोगाचा विचार झालेला होता, हे वाचकांच्या नजरेस आणावे, असे आम्हांस वाटते.

सौंसर तालुक्यातील रामाकोन्याचाच मुलूख घ्या. २०२३ साली पांढुर्णा व सौंसर हे तालुके मिळून मध्य प्रदेशात नवा जिल्हा झाला. घरची भाषा मात्र येथे पिढ्यान्‌पिढ्या मराठी. हा संत्र्यांच्या बागांचा प्रदेश. पंप येण्यापूर्वी येथील बागाईत, नागपूर-वऱ्हाडाप्रमाणेच, विहिरीवरील मोटेने जगे. बैल धावेवरून उतरत, भरलेली मोट वर येई आणि थारोळ्यात पाणी धो धो कोसळे. थारोळे म्हणजे विहिरीच्या काठचे बांधीव कुंड. पडत्या पाण्याचा जोर ते अंगावर झेली, म्हणूनच पुढचा मातीचा पाट फुटत नसे. शांत झालेले पाणी मग पाटाने झाडांच्या आळ्यांकडे जाई. धबधबा, तळे आणि ओहोळ ही तिन्ही येथे एकत्र होती. फक्त त्यांस कोणी शोभेचे नाव दिले नव्हते.

कोकणात व गोमंतकात साधने निराळी, परंतु विचार तोच. डोंगरउतारावरील झऱ्याचे पाणी पाटाने आणावयाचे, पोफळीच्या पोखरलेल्या खोडाच्या पन्हळीतून मागील दारी पाडावयाचे आणि दगडी डोणीत धरावयाचे. डोणीतून सांडलेले पाणी केळी, पोफळी व माड यांच्या वाट्यास येई. देवळांनी याच रचनेस पावित्र्य दिले. महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात गोमुखातून पडणारे पाणी कुंडात येते. गोमंतकात १५६० साली मंगेशाचे देवस्थान कुशस्थळीहून प्रियोळास हलवावे लागले. तेथील आजच्या वास्तूत तळी हाच सर्वांत जुना भाग मानला जातो. परागंदा झालेल्या समाजाच्या दृष्टीने पाण्याचे मोल किती होते, हे यावरून कळावे.

मोठ्या प्रमाणावरील उदाहरणेही आहेत. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधून बांधीव नळाने पाणी पुण्यात आणले. उंचीचा उतार हीच त्यामागील शक्ती. त्या पाण्याने वाड्यातील कारंजी उडाली खरी, परंतु वाटेवरील हौदांतून नगरवासीयांच्या घागरीही भरल्या. औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात १७४४ साली पाणचक्की उभी राहिली. दूरच्या टेकडीवरील झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून येऊन उंच भिंतीवरून हौदात पडते. त्याच पाण्याच्या जोराने जाते फिरे आणि यात्रेकरूंसाठी पीठ निघे. हौदाखालील दालन त्यामुळे थंड राही.

या सर्वांत एक सूत्र आढळते. पाण्यास येण्याची वाट हवी, थांबण्याची जागा हवी आणि पुढे जाण्याची वाटही हवी. यांतील तिसरी वाट बुजली की कुंडाचे डबके होते. पुष्कळ देवळांच्या तळ्यांत आज निर्माल्य कुजते आणि शेवाळ माजते, त्याचे एक कारण हेच.

परंतु पाण्याची वाट केवळ मातीनेच बुजते असे नाही. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी सार्वजनिक असूनही अस्पृश्य मानलेल्या बांधवांस तेथे मज्जाव होता. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी सहकाऱ्यांसह ते पाणी प्राशन केले, तेव्हा त्यांच्यावर हल्ले झाले आणि नंतर तळ्याचे ‘शुद्धीकरण’ही करण्यात आले. मुंबईच्या उच्च न्यायालयाने त्यांचा हक्क मान्य करण्यास १९३७ साल उजाडले. आपण देवस्थानांचे भक्त म्हणवितो, तर ही कथा आपल्याच तळ्यांच्या इतिहासाचे पान आहे, हे विसरून चालणार नाही. जे पाणी शेजाऱ्यास वर्ज्य, ते तीर्थ कसे म्हणावे?

म्हणून परसात कुंड बांधणाऱ्यांस आमचे सांगणे थोडके आहे. जागा उंचसखल असेल तर उताराचा लाभ घ्यावा. पानगळीच्या झाडाखाली कुंड करू नये. पडत्या पाण्यासोबत हवा मिसळते व मासे सुखाने राहतात. पृष्ठभाग हलता राहिल्याने डासांसही अंडी घालणे अवघड जाते. पंपाने तेच पाणी फिरविण्यास हरकत नाही; मात्र एका बाजूस सांडवा ठेवावा आणि त्याचा पाट केळीच्या किंवा संत्र्याच्या आळ्यापर्यंत न्यावा. उन्हाळ्यात विहीर आटू लागली की धबधबा बंद ठेवावा आणि काठावर पक्ष्यांपुरते पाणी राखावे. थारोळे बांधणाऱ्या शेतकऱ्यास हे कोणी शिकविले नव्हते. पाणी वर काढण्यास किती श्रम पडतात, हे तो रोज पाहत होता.