पाचूचा डोंगर आणि कल्याणचा सोनार

वागळे इस्टेटमधून सुटून रिक्षाच्या रांगेत उभे असाल, तर हेडफोन लावा आणि एक चित्र डोळ्यांसमोर आणा.

दोनशे वर्षांपूर्वीचं छापील चित्र. इजिप्तचं वाळवंट, उघडाबोडका डोंगर आणि खडकात कोरलेलं छोटं देऊळ. ठिकाण सिकैत. आजूबाजूला पाचूच्या खाणी. रोमन लोक या भागाला ‘मॉन्स स्मराग्डस’ म्हणायचे, म्हणजे पाचूचा डोंगर.

चित्र आहे फ्रेदेरिक कायो याच्या १८२१ च्या पुस्तकातलं. हा फ्रान्सचा जवाहिरा, खनिजांचा जाणकार. इजिप्तच्या मुहम्मद अलीने त्याला खाणी शोधायला पाठवलं आणि १८१६ साली त्याला या खाणी सापडल्या. आत अरुंद भुयारं. जुने दोर, टोपल्या, दिवे तसेच पडलेले.

आता तुम्ही म्हणाल, याचं आपल्याला काय?

तर ऐका. सिकैतच्या आग्नेयेला, तांबड्या समुद्रावर बेरेनिके बंदर होतं. भारताकडे येणारी जहाजं तिथून सुटायची. तिथल्या उत्खननात भारतातली मिरी निघाली, बुद्धाची मूर्ती निघाली आणि आपल्या सातवाहनांची नाणीसुद्धा!

पुढे सहाव्या शतकात कॉस्मस नावाचा ग्रीक लेखक लिहितो, की इथिओपियाचे व्यापारी वाळवंटातल्या ब्लेमी टोळ्यांकडून पाचू घेतात आणि भारतात नेऊन विकतात. त्याच पुस्तकात भारतातल्या मोठ्या बाजारपेठांमध्ये ‘कल्लियाना’ आहे. बहुतेक अभ्यासकांच्या मते हेच आपलं कल्याण. पाचू कल्याणलाच उतरले असं तो म्हणत नाही, पण खाण आणि बंदर एकाच व्यापाराच्या जाळ्यात होते, हे नक्की.

आता मान वर करा. वागळे इस्टेटमागचे डोंगर दिसतायत? ते ओलांडले की पलीकडे कान्हेरीची लेणी. तिथल्या ब्राह्मी लेखांत कल्याणचा एक सोनार आहे, सामिदत. त्याने पाण्याचं टाकं दान केलं. कल्याणचाच एक लोहार आहे, नंद. त्याने वाट करून दिली. राजे नाहीत हे, कारागीर. पण नावं दगडात कोरलेली आहेत.

सिकैतच्या भुयारात टोपली उचलणाऱ्याचं नाव कायोच्या चित्राखाली नाही. पाचू मात्र मुकुटात गेले.

म्हणून जुनं चित्र बघताना एक सवय लावून घ्या. काय दिसतंय ते बघाच, पण यात काम कोणी केलं, हेही विचारा. आपल्या इस्टेटमधल्या बंद पडलेल्या कारखान्यांचे जुने फोटो बघतानासुद्धा!

भेटू पुढच्या भागात.