दाखला की दाखिला? जाहिरातीमागच्या पानाची गोष्ट

गेल्या वर्षी मे महिन्यात आमच्या शाळेने पाचवीच्या प्रवेशासाठी फेसबुकवर जाहिरात दिली. पटसंख्या घसरत होती. एक तुकडी गेली असती तर एक शिक्षक अतिरिक्त ठरला असता. उर्दू आणि मराठी दोन्ही येणारा म्हणून काम माझ्याकडे आले. जाहिरातीवर बोट ठेवले की जे पान उघडते, त्याला लँडिंग पेज म्हणतात. ते मी तयार केले. सर्वांत वर संस्थापकांचा फोटो, खाली कार्यकारिणीचे फोटो, मग संस्थेचा इतिहास आणि अगदी शेवटी एक बटण. बटणावर मी देवनागरीत लिहिले, ‘दाखला’.

फोन बरेच आले. पण त्यातले कितीतरी जण विचारत होते, “सर, शाळा सोडल्याचा दाखला आता ऑनलाइन मिळतो का?” उर्दूत दाखिला म्हणजे प्रवेश, मराठीत दाखला म्हणजे प्रमाणपत्र. इतकी वर्षे दोन्ही भाषा शिकवून मी त्या एका वेलांटीत अडकलो. प्रवेशाचे फॉर्म आले फक्त दोन.

त्या फजितीनंतर या पानाचा इतिहास वाचायला घेतला. तो इंटरनेटपेक्षा जुना निघाला.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत क्लॉड हॉपकिन्स नावाचे जाहिरात लेखक होते. वर्तमानपत्रातल्या जाहिरातीच्या कोपऱ्यात ते एक कूपन छापत. ते कापून पाठवले की वाचकाला नमुना किंवा पुस्तिका मिळे. प्रत्येक जाहिरातीच्या कूपनावर वेगळी खूण असे, त्यामुळे कोणत्या मथळ्याने किती माणसे आणली हे मोजता येई. 1923 साली त्यांनी ‘सायंटिफिक अॅडव्हर्टायझिंग’ हे पुस्तक लिहिले. त्यांचा मुद्दा साधा होता: कोणती जाहिरात चांगली, हे टेबलाभोवती बसून वाद घालून ठरत नाही, ते गिऱ्हाईक ठरवते. आजच्या लँडिंग पेजचे मूळ त्या कूपनात आहे.

पुढचा टप्पा 27 ऑक्टोबर 1994 चा. ‘हॉटवायर्ड’ या अमेरिकन संकेतस्थळावर एटी अँड टी या टेलिफोन कंपनीची पट्टी झळकली. वेबवरच्या अगदी पहिल्या बॅनर जाहिरातींपैकी ती एक. पट्टीवर कंपनीचे नाव नव्हते, फक्त इथे क्लिक कराल असे खेळकर भाकीत होते. पाहणाऱ्यांपैकी 44 टक्के लोकांनी क्लिक केल्याचे सांगितले जाते. माझे लक्ष वेधले ते क्लिकनंतरच्या गोष्टीने. कंपनीने तिथे आपली स्तुती मांडली नाही. जगातल्या कलासंग्रहालयांची घरबसल्या सैर घडवली. दारात आलेल्याला आधी काहीतरी द्यावे, ही समज पहिल्याच वर्षी होती.

2000 साली गूगलने अॅडवर्ड्स सुरू केले. 2005 च्या अखेरीपासून जाहिरातीमागचे पान कसे आहे, हेही तिचा दर्जा ठरवताना धरले जाऊ लागले. जाहिरातीत एक आणि पानावर दुसरेच असेल, तर त्याची किंमत जाहिरातदाराला मोजावी लागू लागली.

मग आला डिसेंबर 2007. बराक ओबामा अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी झगडत होते. गूगलमधून आलेल्या डॅन सिरोकर यांनी प्रचाराच्या पहिल्या पानाची चाचणी घेतली. चार बटणे, तीन छायाचित्रे, तीन चित्रफिती, म्हणजे 24 जोड्या. 3,10,382 लोकांना त्या विभागून दाखवल्या. प्रचारातल्या मंडळींची पसंती एका चित्रफितीला होती. पण तिन्ही चित्रफिती सगळ्या छायाचित्रांच्या मागे पडल्या. जिंकले ते पत्नी आणि मुलींसोबतचे ओबामांचे छायाचित्र आणि ‘अधिक जाणून घ्या’ असे बटण. मूळ पानावर ‘नाव नोंदवा’ असे बटण होते आणि 8.26 टक्के लोक नाव देत होते. नव्या पानावर ते प्रमाण 11.6 टक्के झाले. अनोळखी माणसाला पहिल्याच भेटीत नाव मागण्यापेक्षा ओळख करून घ्यायला बोलावणे अधिक रुचले, असा मी त्याचा अर्थ लावतो.

पण मोजमापाला नियत नसते. माणसाला फसवून घेतलेली क्लिकही आकड्यात तेवढीच भरते. मुद्दाम आधीच भरलेली चौकट, ‘फक्त दोनच शिल्लक’ अशी खोटी घाई, नकार देणाऱ्याला लाजवणारी वाक्ये हे सारे त्याच मोजमापाच्या हव्यासातून फोफावले. भारत सरकारने नोव्हेंबर 2023 मध्ये अशा 13 फसव्या पद्धतींची यादी करून त्यांना मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यात खोटी घाई आणि लाजवणे दोन्ही आहेत.

हे वाचून मी आमचे पान पुन्हा लिहिले. कार्यकारिणीचे फोटो खाली नेले. त्यावर थोडी नाराजी झाली, ती सोसली. वर आमच्या वर्गाचा फोटो लावला आणि पालक विचारतात त्याच गोष्टी लिहिल्या: फी किती, मराठी कोणत्या वर्गापासून, मुलींसाठी वेगळे स्वच्छतागृह आहे का, कोणती कागदपत्रे लागतात. मजकूर उर्दू लिपीत आणि देवनागरीत, दोन्हींत दिला. कारण अनेक घरांत आजी एक लिपी वाचते आणि नातू दुसरी. ‘थोड्याच जागा शिल्लक’ असे लिहा, असा एक सल्ला आला होता. जागा भरपूर होत्या, म्हणून लिहिले नाही. बटणावर आता आहे, ‘पाचवीत प्रवेश हवा आहे’.

तुकडी वाचली. त्यात पानाचा वाटा किती आणि उन्हात मोहल्ल्यांतून घरोघर फिरलेल्या शिक्षिकांचा किती, हे मला सांगता येणार नाही. आम्ही फॉर्मवर खूणच केली नव्हती. यंदा फॉर्मवर एक प्रश्न वाढवला आहे: आपल्याला शाळेची माहिती कुठून मिळाली?