आखूड नळीचे रिव्हॉल्व्हर : चापक्रिया
कपड्याआड बाळगायच्या, साधारण 2 इंच नळीच्या रिव्हॉल्व्हरची चापक्रिया तीन प्रकारची. एकेरी क्रियेत घोडा अंगठ्याने मागे ओढतात. मग चाप हलका होतो, नेम साधतो, पण घाबरलेल्या बोटाने नकळत बार उडू शकतो. दुहेरी क्रियेत चापच चक्री फिरवून घोडा उचलतो आणि सोडतो. ओढ लांब व जड. निव्वळ दुहेरी क्रियेच्या नमुन्यांत बहुधा घोडा झाकलेला असतो, खिशाच्या अस्तरात अडकत नाही. लपवून बाळगायला हाच प्रकार बरा, सराव मात्र हवा.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या कोरपना तालुक्यात चापाआधी प्रश्न परवान्याचा. शस्त्र अधिनियम, 1959 खाली तो चंद्रपूरच्या जिल्हाधिकाऱ्यांकडून घ्यावा लागतो. रानडुकरांपासून पीक राखायला या कायद्यात ठासणीच्या बंदुकीची तरतूद आहे. रिव्हॉल्व्हर त्यात बसत नाही.