लंडनमधील एक आहारशोध

४ सप्टेंबर १८८८ रोजी मोहनदास गांधी मुंबईहून विलायतेस निघाले, तेव्हा त्यांना एकोणीस वर्षेही पुरी झाली नव्हती. मद्य, मांस आणि स्त्रीसंग यांना शिवणार नाही, अशी शपथ मातेपुढे घेऊन ते निघाले होते. चरित्रकार या शपथेकडे बहुधा निग्रहाची कथा म्हणूनच पाहतात. वस्तुतः तिने आणखी एक गोष्ट केली : बुजऱ्या विद्यार्थ्याला तिने लंडनच्या रस्त्यांवर आणून सोडले.

वेस्ट केन्सिंग्टनमधील बिऱ्हाडी सकाळी ओटची लापशी पोटभर मिळे. दुपारी व रात्री मात्र पालकाची भाजी, पाव आणि मुरंबा. पावाच्या दोन-तीन कापांहून अधिक मागण्याचा संकोच वाटे. घरमालकिणीकडून शाकाहारी उपाहारगृहांविषयी कळताच रोज दहा-बारा मैलांची भटकंती सुरू झाली, आणि अखेर फॅरिंग्डन स्ट्रीटवर असे एक ठिकाण सापडले. तेथेच हेन्री सॉल्ट यांचे शाकाहाराची बाजू मांडणारे पुस्तक त्यांनी एका शिलिंगला घेतले. राजकोटला चोरून मांस खाल्लेल्या आणि सारे हिंदी लोक एक दिवस मांसाहारी व्हावेत असे मानणाऱ्या या तरुणाचे वचन आता मत बनले.

इनर टेंपलच्या भोजनांचा प्रसंग काहीसा गमतीचा आहे. बॅरिस्टर होण्यासाठी सुमारे ७२ भोजनांना उपस्थिती आवश्यक होती. गांधी पाव, उकडलेले बटाटे आणि कोबी खात. पुढे अर्ज करून त्यांनी शाकाहारी पदार्थ मिळवले. चौघांत मद्याच्या दोन बाटल्या मिळत असल्याने न पिणाऱ्या या सोबत्याला मोठी मागणी असे!

घरून येणारी मिठाई व मसाले त्यांनी बंद केले. चहा-कॉफीची जागा कोकोने घेतली. पूर्वी बेचव लागलेला, बिनमसाल्याचा उकडलेला पालक आता रुचू लागला. परदेशी अन्नाशी जुळवून घेणे म्हणजे स्वतःची चव गमावणे, हा समज येथे टिकत नाही. चव मनात घडते, असा निष्कर्ष त्यांनी अनुभवातून काढला. अंड्यांचा प्रयोग मात्र त्यांनी लवकरच सोडला. मांसाची व्याख्या शपथ देणाऱ्या आईची, शपथ घेणाऱ्याची नव्हे, हा त्यामागील विचार काटेकोर म्हणावा लागेल.

या शोधातूनच त्यांचे लेखनही जन्मले. १८९१च्या फेब्रुवारीपासून 'द व्हेजिटेरियन' या लंडनच्या साप्ताहिकात हिंदी शाकाहारी लोकांविषयी त्यांची लेखमाला आली. इंग्रज वाचकांसाठी लिहिलेल्या या साध्या, माहितीपर मजकुरात केवळ भाकरी आणि मीठ यांवर गुजराण करणाऱ्या गरिबांचा उल्लेख आहे. आणि त्या मिठावर जबर कर असल्याची नोंदही तेथेच, दांडीयात्रेच्या ३९ वर्षे आधी, आढळते.