त्रिमाल्कियोची अळंबी

फेदेरिको फेलिनीचा 'सॅटिरिकॉन' (१९६९) पाहताना गोष्ट शोधत बसू नये. प्राचीन रोममधला एक तरुण कोसळत्या चाळीतून श्रीमंताच्या मेजवानीत आणि तिथून जहाजावर जाऊन पडतो. शेवटी त्याचं निवेदन वाक्याच्या मध्येच तुटतं आणि सगळी पात्रं पडक्या भिंतींवरची चित्रं होऊन जातात. हा दिग्दर्शकाचा लहरीपणा नव्हे. नीरोच्या काळातल्या पेट्रोनियसचं मूळ पुस्तकच आपल्यापर्यंत तुकड्यांत पोहोचलं आहे. फेलिनीने मधल्या जागा बुजवल्या नाहीत, एवढंच.

मेजवानी देणारा त्रिमाल्कियो हा एके काळचा गुलाम, आता गडगंज. पुस्तकात एक पाहुणा त्याचं कौतुक सांगतो: सगळं याच्या घरचंच पिकतं, मध्यंतरी तर अळंबीचं बी पाठवा म्हणून याने थेट भारतात पत्र धाडलं!

मी उंबरमाळीत राहतो, त्यामुळे इथे मला हसू आलं. पावसाळ्यात आमच्या शहापूर-मुरबाडच्या रानात वारुळांवर अळंबी उगवते. वारुळातल्या वाळवीशी तिचा असा काही संसार आहे की ती शेतात लावता येत नाही. त्रिमाल्कियोला हवी असलेली जात वेगळी असेल, पण पेट्रोनियसचा विनोद कळतो: पैसा असला की रानही मागवता येतं, असं वाटणारा माणूस.

असा माल मागवणारे रोममध्ये खरोखरच होते. भारत दरवर्षी साम्राज्याचे ५ कोटी सेस्टर्स ओढून नेतो आणि तिथला माल इथे शंभरपट भावाने विकला जातो, अशी तक्रार त्याच शतकातल्या प्लिनीने लिहून ठेवली आहे. मुरबाड तालुक्यातल्या वैशाखरेवरून चढणारा नाणेघाट कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांना जुन्नर-पैठणशी जोडत होता. घाटमाथ्यावरच्या दगडी रांजणात जकात जमा होई, असं सांगतात.

मात्र रोमच्या उधळपट्टीला नावं ठेवताना तिथली लेणीही वाचावी. सातवाहन राणी नागनिकेच्या ब्राह्मी लेखात यज्ञांची दक्षिणा नोंदली आहे: गाई, घोडे, हत्ती, कार्षापण नाणी, सगळं आकड्यांनिशी. ऐश्वर्याचा हिशेब इथेही चोख होता. घाटातून ओझी वाहणाऱ्यांची गणती मात्र त्यात नाही. प्लिनीच्या तक्रारीतही नाही.

रोमन सोनं आपल्याकडे वाहत आलं, हे आपण अभिमानाने सांगतो. मीही परदेशी गिऱ्हाइकांसाठी सॉफ्टवेअर लिहितो, तेव्हा या अभिमानातली गोडी मला ठाऊक आहे. पण शंभरपटीतला किती वाटा घाट चढणाऱ्याच्या हाती पडला असेल? इतिहासात ही जागा रिकामी आहे. फेलिनीच्या मेजवानीत यजमानाभोवती कितीतरी बिननावाचे चेहरे आहेत. त्यांतले काही मान वळवून सरळ कॅमेऱ्यात बघतात. त्यांना संवाद नाहीत.